उघडी किल्ली आणि गुप्त किल्ली

आमच्या वसतिगृहांत मणिबेलीचा एक विद्यार्थी आहे. मणिबेली म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोंकाचें, अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदेच्या कांठचें गांव. सरदार सरोवराचें पाणी चढूं लागलें तेव्हां महाराष्ट्रांतील ज्या गांवांस त्याची झळ प्रथम लागली त्यांत हें गांव अगदीं पुढें होतें. ज्यांचीं घरें व शेतें पाण्याखालीं गेलीं, त्यांस 'आपण कोण, आपलें काय होतें' हें कागदोपत्रीं सिद्ध करण्याची पाळी कितीदां येते, हें तिकडील पालकांस सांगावयास नको.

दिवाळीच्या सुट्टीहून परत आल्यावर या विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. "गुरुजी, यंत्र खोटें कीं माणूस खोटा?" हकीकत अशी कीं, त्याची आजी बाजाराच्या दिवशीं एका दुकानीं निवृत्तिवेतनाचे पैसे काढावयास गेली होती. तिनें यंत्रावर अंगठा ठेवला. "लागला नाहीं, पुनः ठेवा," असें तिला सांगण्यांत आलें. तिनें पुनः ठेवला आणि एकदांचे पैसे घेऊन ती घरीं आली. पुढें नातवानें बँकेंत पासबुक भरून आणलें, तों एकाच दिवशीं दोनदां पैसे काढल्याची नोंद त्यांत निघाली.

आम्हीं वर्गांत शिकविलें होतें कीं, हा व्यवहार अशा गणिती कुलुपांत बंद असतो कीं तें फोडणें आज कोणासहि साधलेलें नाहीं. मग आजीचे पैसे गेले कसे? हा प्रश्न एका घरचा नाहीं. अंगठ्यावर धान्य व पैसा मिळविणाऱ्या प्रत्येक घरचा आहे. म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करूं.

प्रथम हें कुलूप कसें असतें तें पाहूं. पूर्वीच्या गुप्त लेखनांत दोघांपाशीं एकच किल्ली असे. जिनें पत्र बंद करावयाचें तिनेंच तें उघडावयाचें. अडचण ही कीं, ती किल्ली दूरच्या मनुष्यास पोंचवावी कशी? वाटेंत ती कोणाच्या हातीं लागली तर सारेंच फसलें. १९७६ सालीं अमेरिकेंत डिफी व हेलमन या दोघां विद्वानांनीं असें मांडलें कीं, बंद करण्याची किल्ली निराळी व उघडण्याची निराळी असूं शकेल. पुढच्याच वर्षीं, १९७७ सालीं, रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनीं तशी एक गणिती रीत प्रत्यक्ष तयार केली. देवळांतील दानपेटीचें उदाहरण घ्या. तिच्या फटींतून पैसा कोणीहि टाकावा, पण पेटी उघडावी किल्लीवाल्यानेंच. 'उघडी किल्ली' म्हणजे ती फट. ती सर्व जगास ठाऊक असली तरी चालते. 'गुप्त किल्ली' मात्र एकट्या धन्यापाशीं.

आतां विद्यार्थ्यांनीं पाटी घ्यावी. ३ आणि ११ या दोन अविभाज्य संख्या. त्यांचा गुणाकार ३३. हा ३३ आणि त्यासोबत घातांक ३ ही झाली उघडी किल्ली. ती फळ्यावर लिहून ठेवा. दोन्ही अविभाज्य संख्यांतून एक एक वजा करून गुणिलें असतां २ × १० = २० येतात. ३ ला कितीनें गुणिलें म्हणजे २० नें भागून बाकी १ उरेल? ७ नें, कारण ३ × ७ = २१. हा ७ म्हणजे गुप्त किल्ली. समजा, कोणास ४ हा अंक गुप्तपणें पाठवावयाचा आहे. ४ × ४ × ४ = ६४; यास ३३ नें भागिलें, बाकी ३१. त्यानें ३१ पाठविला. घेणाऱ्यानें ३१ चा सातवा घात करून ३३ नें भागावयाचें. हें सोपें करण्यासाठीं ३१ च्या जागीं उणे २ घ्या, कारण ३३ मधून २ वजा केले कीं ३१ च होतात. उणे २ चा सातवा घात उणे १२८. त्यांत ३३ ची चौपट १३२ मिळविली कीं बाकी ४. मूळचा अंक परत मिळाला.

३३ चे अवयव आपण चटकन् पाडतों, म्हणून हें कुलूप खेळण्यांतलें. प्रत्यक्षांत जी संख्या वापरतात ती सामान्यतः सहाशें सतरा अंकी असते. २०२० सालीं अशा प्रकारच्या अडीचशें अंकी संख्येचे अवयव पाडण्यांत आले, व त्यासहि अनेक संगणक एकत्र जुंपावे लागले. सहाशें सतरा अंकांची मजल अजून कोणीं गांठल्याचें प्रसिद्ध नाहीं. पुंज-भौतिकीवर चालणारा मोठा संगणक तयार झाल्यास ही रीत टिकणार नाहीं, हें शोर या गणितज्ञानें १९९४ सालींच दाखविलें आहे. म्हणून २०२४ सालीं अमेरिकेच्या मानक-संस्थेनें निराळ्या गणितावर उभारलेल्या नव्या रीतीहि प्रसिद्ध केल्या. पण आजच्या घटकेस कुलूप पक्कें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आणि येथेंच लोक फसतात. कुलूप पक्कें म्हणजे व्यवहार पक्का, असें ते धरून चालतात. व्यवहार म्हणजे एक संदेश नव्हे. तो संदेशांचा क्रम असतो. कोणीं कोणास, केव्हां व कशासाठीं लिहिलें, हें त्या क्रमांत बांधलेलें नसेल तर कुलूप न फोडतांहि चोरी होते. तिचे तीन प्रकार पाहूं.

पहिला प्रकार ताडण्याचा. समजा, उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच द्यावयाचें आहे, आणि 'होय' साठीं ४ व 'नाहीं' साठीं ५ असें ठरलें आहे. वाटेवरचा मनुष्य उघडी किल्ली घेऊन दोन्ही अंक स्वतःच बंद करून पाहतो. ४ चे ३१ होतात; ५ × ५ × ५ = १२५, त्यास ३३ नें भागून बाकी २६. आतां तारेवरून ३१ गेलेला दिसला कीं उत्तर 'होय' आहे हें त्यानें ओळखलें. गुप्त किल्ली त्यास मिळाली नाहीं, पेटी उघडली नाहीं, तरी आंतली वस्तु कळली. याचा उपाय गोल्डवासर व मिकाली यांनीं १९८२ सालीं मांडला. प्रत्येक वेळीं संदेशाच्या बंदिस्तींत एक नवी, कोणासहि न ताडतां येणारी संख्या मिसळावयाची, म्हणजे तेंच 'होय' दर वेळीं निराळें दिसतें.

दुसरा प्रकार बदलण्याचा. समजा, ४ या अंकाचा अर्थ 'चारशें रुपये द्यावे' असा आहे. तो बंद होऊन ३१ झाला. वाटेवरच्यानें २ × २ × २ = ८ घेऊन ३१ ला गुणिलें; २४८ झाले; त्यास ३३ नें भागून बाकी १७. त्यानें ३१ ऐवजीं १७ पुढें पाठविला. विद्यार्थ्यांनीं १७ चा सातवा घात करून ३३ नें भागून पाहावा. बाकी ८ येते. चारशांचे आठशें झाले! बदलणाऱ्यास आंत काय आहे हें ठाऊक नव्हतें; त्यास फक्त दुप्पट करावयाचें होतें.

यावरचा उपाय आपल्या भाषेंत शब्दरूपानेंच बसलेला आहे. तो शब्द म्हणजे 'शिक्कामोर्तब'. शिवछत्रपतींच्या पत्रांत आरंभीं राजमुद्रेचा शिक्का आणि अखेरीस मर्यादेची मोर्तब असे. शिक्क्यावरून पत्र कोणाचें हें कळे. मोर्तबेच्या खालीं कोणीं एक ओळ घुसडली तर ती खोटी ठरे. गणितांतहि असा शिक्का करतां येतो. येथें गुप्त किल्ली आधीं व उघडी मागाहून वापरावयाची. ४ चा सातवा घात करून ३३ नें भागिल्यास बाकी १६ उरते. हा झाला ४ वरील शिक्का. तो कोणासहि तपासतां येतो, कारण १६ × १६ × १६ = ४०९६ आणि त्यास ३३ नें भागून बाकी ४. असा शिक्का गुप्त किल्लीवाल्यावांचून दुसऱ्यास करतां येऊं नये, हा त्यांतील हेतु. प्रत्यक्षांत उघड्या अंकावर शिक्का करीत नाहींत. सबंध संदेशाचें एक ठराविक लांबीचें सार काढून त्यावर करतात, म्हणजे एक अक्षर बदललें तरी शिक्का जुळत नाहीं. आपल्या देशांत २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस कायदेशीर मान्यता दिली.

पण शिक्का खरा असला म्हणजे हातहि खरा, असें नव्हे. राजांच्या पहिल्या पुस्तकांतील नाबोथाची गोष्ट आपण उपासनेच्या तासास ऐकली आहे. ईजबेल राणीनें अहाब राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं व त्यांवर त्याचाच शिक्का मारला. वडील जनांनीं शिक्का पाहिला, तो खराच होता. आणि एक निरपराध मनुष्य आपल्या द्राक्षमळ्यापायीं प्राणांस मुकला. गुप्त किल्ली दुसऱ्याच्या हातीं गेली कीं गणित त्या दुसऱ्याचीच सेवा इमानानें करूं लागतें, हें विसरूं नये.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म, आणि आजीच्या प्रश्नास सर्वांत जवळचा. १९७८ सालीं नीडहॅम व श्रोडर या दोघांनीं, परक्या दोघांनीं तारेवरून एकमेकांची ओळख कशी पटवावी, याची एक रीत प्रसिद्ध केली. ती अशी. पार्वती नांवाची बाई एक ताजी संख्या निवडते, तिला आपलें नांव जोडते, व समोरच्याच्या उघड्या किल्लीनें बंद करून त्यास धाडते. समोरचा ती उघडतो, तिच्या संख्येसोबत आपली एक ताजी संख्या ठेवतो, व दोन्ही पार्वतीच्या उघड्या किल्लीनें बंद करून परत पाठवितो. आपली संख्या परत आलेली पाहून पार्वतीस समोरच्याची खात्री पटते. मग ती त्याची संख्या त्यास परत करते, म्हणजे त्यासहि तिची खात्री पटते. किती सरळ! सतरा वर्षें या रीतींतील दोष उघडकीस आला नाहीं.

१९९५ सालीं गॅव्हिन लोव यांनीं तो दाखविला. समजा, पार्वतीनें असा व्यवहार एका दलालाशीं आरंभिला. तिची संख्या व नांव दलालास मिळालें. त्यानें तींच उचलून बँकेच्या उघड्या किल्लीनें बंद केलीं व बँकेस धाडलीं, जणूं पार्वतीच बँकेशीं बोलत आहे. बँकेनें दोन्ही संख्या पार्वतीच्या किल्लीनें बंद करून उत्तर दिलें. दलालास तें उघडतां येईना. म्हणून त्यानें तें जसेंच्या तसें पार्वतीपुढें ठेवलें. पार्वतीस वाटलें, हें दलालाचेंच उत्तर. तिनें तें उघडलें, आणि आंतील दुसरी संख्या दलालाच्या किल्लीनें बंद करून दलालास दिली. ती संख्या दलालानें बँकेस पाठविली. बँकेची खात्री झाली कीं आपण पार्वतीशींच बोलत आहों. कोणतेंहि कुलूप फुटलें नाहीं. जें कुलूप दलालास उघडेना, तें त्यानें पार्वतीच्याच हातून उघडवून घेतलें.

उपाय ऐकून हसूं येईल, इतका लहान आहे. दुसऱ्या संदेशांत समोरच्यानें आपलें नांव घालावें, एवढेंच. उत्तरांत 'मी बँक' असें लिहिलेलें असतें तर पार्वती थबकली असती कीं, 'मी तर दलालाशीं बोलत होतें, हें बँकेचें पत्र येथें कसें?' एका नांवाची उणीव, आणि सतरा वर्षें धोका! जें पत्र आपण उघडतों किंवा ज्यावर सही करतों, तें कोणाचें, कोणासाठीं व कशासाठीं हें त्याच पत्रांत लिहिलेलें असलें पाहिजे, हा या शास्त्राचा पहिला नियम होय.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. देशांतील पहिले आधार क्रमांक आपल्याच शहादे तालुक्यांतील टेंभली या गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं, तेव्हांचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत देण्यांत आले. म्हणजे ज्या व्यवस्थेंत हीं कुलुपें आज कोट्यवधि लोकांसाठीं रोज उघडतात व मिटतात, तिचा आरंभ आपल्या अंगणांत झाला. त्या व्यवस्थेंत अंगठ्याची माहिती कशी जाते तें पाहा. यंत्र प्रत्येक वेळीं एक नवी, एकदांच वापरावयाची किल्ली तयार करतें व तिनें माहिती बंद करतें. ती एकदांची किल्ली आधार प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या, म्हणजे वर सांगितलेल्या सहाशें सतरा अंकी, उघड्या किल्लीनें बंद होते. माहितींत वेळेची नोंद असते, म्हणजे जुनाच संदेश उद्यां पुनः चालवितां येऊं नये. विचारणा करणाऱ्या संस्थेची सही प्रश्नावर असते आणि प्राधिकरणाची सही उत्तरावर. ताडणें, बदलणें, जुनें पुनः खपविणें या तिन्हींवर तोड काढलेली आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे.

मग उणें कोठें पडलें? 'हा अंगठा या क्रमांकाच्या मनुष्याचा आहे काय?' एवढ्याच प्रश्नाचें 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर प्राधिकरण देतें. किती रुपये व कशासाठीं, हें त्या उत्तरांत नसतें. तें बँकांच्या निराळ्या संदेशांतून जातें. ती रक्कम दुकानदार यंत्रावर घालतो, आणि आजी त्याखालीं अंगठा ठेवते. तारेवरचे सर्व टप्पे कुलूपबंद आहेत. पण यंत्राच्या पडद्यापासून आजीच्या डोळ्यांपर्यंतचा शेवटचा वीतभर टप्पा अगदीं उघडा आहे. तेथें ना किल्ली, ना शिक्का. तेथें आहे तें फक्त दुकानदाराचें तोंडचें वचन. आजीस वाचतां येत नाहीं; म्हणून पार्वतीच्या पत्रांत जी एका नांवाची उणीव होती, तीच आजीच्या बाबतींत पडद्यावरील आंकड्याची झाली. 'लागला नाहीं' या बोलावर तिनें दुसरा अंगठा दिला, आणि बँकेच्या दृष्टीनें ते दोन ताजे, खरे व पूर्ण व्यवहार ठरले. अंगठ्यांत आणखी एक दोष आहे. गुप्त किल्ली हरवली तर नवी करतां येते. अंगठा बदलतां येत नाहीं, आणि त्याचा ठसा तर आपण पाण्याच्या प्रत्येक पेल्यावर ठेवीत असतों. म्हणून त्यास गुपित समजूं नये.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं एवढें अवश्य करावें. अंगठा ठेवण्यापूर्वीं पडद्यावरचा आंकडा वाचावा अथवा दुसऱ्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावा. 'लागला नाहीं' असें सांगितल्यास त्याची पावती मागावी. ती पाहिल्याखेरीज दुसऱ्यांदा अंगठा देऊं नये. नुसती शिल्लक विचारावयाची असतांहि पावतीवर काय छापलें आहे तें पाहावें. पासबुक दर महिन्यास भरून घ्यावें. अंगठ्याची गरज नसेल तेव्हां तो आधार प्राधिकरणाच्या सोयीनें बंद करून ठेवतां येतो. त्याविषयीं १९४७ या क्रमांकावर चौकशी करतां येते. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें व बँकेस लेखी अर्ज द्यावा. दूरध्वनीवर आलेली गुप्त संख्या तर कोणासच सांगूं नये. पार्वतीकडून दलालानें तीच काढून घेतली होती.

आमच्या विद्यार्थ्यानें आजीच्या वतीनें अर्ज लिहिला, पासबुकाची नक्कल जोडली, आणि बँकेंत देऊन पोंच घेतली. निकाल अद्याप यावयाचा आहे. पण नाताळच्या सुट्टींत तो घरीं गेला तेव्हां बाजाराच्या दिवशीं आजीबरोबर गेला, आणि तिच्यामागें उभ्या असलेल्या आणखी चौघां म्हाताऱ्यांच्या पावत्याहि त्यानें वाचून दाखविल्या. कोणीं सांगितलें म्हणून नव्हे. त्यांनीं हात पुढें केला म्हणून.

त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देतों. यंत्र खोटें नव्हतें, आणि कुलूपहि कच्चें नव्हतें. माणूस खोटा होता कीं नाहीं, हें चौकशींत ठरेल. आम्ही तें आधींच ठरवूं नये. पण व्यवहाराचा शेवटचा टप्पा राखावयाचा तो वाचणाऱ्या डोळ्यांनीं, आणि त्या दिवशीं तेथें वाचणारें कोणी नव्हतें. आपल्या शाळेंतून दर वर्षीं जीं मुलें लिहिणें-वाचणें शिकून घरीं जातात, त्यांनीं ही जागा घ्यावी. तीन-अकराचें गणित पुढें विसरलें तरी चालेल. आजीची पावती वाचावयास मात्र विसरूं नये.